उशिरा पोचणारा सूर

रेकॉर्ड संगणकात उतरवताना हेडफोनमध्ये गाणं छान ऐकू येतंय, म्हणजे ते आत भरलं जातंय, या समजुतीपायी कित्येकांच्या पुऱ्या बाजू वाया गेल्या आहेत. माणूस वीस-बावीस मिनिटं तल्लीन होऊन ऐकतो, सुई आतल्या मोकळ्या रेघेत जाऊन फिरू लागते, तो रेकॉर्डिंग थांबवतो आणि फाइल वाजवून पाहतो. तिच्यात निघतो छताचा पंखा, शेजारच्या स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी, आणि या सगळ्यांच्या मागे सुईच्या टोकाशी होणारी गाण्याची बारीक कुजबुज. तारेतून आलेला आवाज संगणकानं घेतलेलाच नसतो. लॅपटॉपच्या झाकणात बसवलेल्या मायक्रोफोननं खोली टिपलेली असते.

हे घडतं, कारण साउंड कार्डात आवाजाला हेडफोनपर्यंत पोचायच्या दोन वाटा असतात. एक जवळची. लाइन-इनमधून आलेला सिग्नल कार्डावरच्या मिक्सरमधून तसाच हेडफोनकडे वळतो. त्याचे अंक होत नाहीत आणि सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताही नसतो. दुसरी वाट लांबची. सिग्नलचे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेतले जातात, ते अंक ड्रायव्हरमार्फत रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामकडे जातात, तिथून परत फिरतात, त्यांचा पुन्हा विद्युत सिग्नल होतो आणि मग तो कानात पडतो. जवळच्या वाटेनं ऐकू येतं ते कार्डाच्या दाराशी येऊन उभं राहिलेलं. लांबच्या वाटेनं ऐकू येतं ते घरात घेतलेलं. दाराशी कोण आलंय हे कळणं वेगळं आणि आत कोणाला घेतलंय हे कळणं वेगळं, आणि रेकॉर्ड उतरवणाऱ्याला दुसरी गोष्ट कळायला हवी.

छत्रपती संभाजीनगरात अशा कामाला बसणारा माणूस बहुधा साठीच्या पुढचा असतो. कॅसेटच्या जमान्यात दुकानातून आवडीची गाणी भरून आणणाऱ्या पिढीतला. त्याच्या घरात वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या रेकॉर्डी असतात, जाफर गेटच्या आठवडी बाजारात जुन्या सामानातून उचललेल्या एकदोन असतात, आणि मुलगा पुण्याला किंवा परदेशात असतो, ज्याला ही गाणी फाइल करून पाठवायची असतात. या शहराचा कान पहिल्यापासून एका भाषेचा नाही. सिराज औरंगाबादी अठराव्या शतकात इथंच गझल लिहीत होता. १९४८च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं तोवर कचेरीची भाषा उर्दू होती. संस्थानच्या रेडिओचं एक केंद्र इथं, तेव्हाच्या औरंगाबादला होतं आणि १९५० साली हैदराबाद केंद्राबरोबर तेही आकाशवाणीकडे आलं. म्हणून इथल्या एखाद्या कपाटात बालगंधर्वांच्या नाट्यपदाला टेकून कव्वालीची तबकडी उभी असली आणि तिच्या पाठीशी भीमगीतांची ४५ फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड असली, तर त्यात नवल नाही. यांतल्या किती तबकड्या पुढे कुठल्या कंपनीनं सीडीवर किंवा इंटरनेटवर आणल्या, हा प्रश्न विचारला की हे घरगुती काम हौसेपुरतं राहत नाही. काही गाण्यांची उरलेली प्रत त्या कपाटातच असू शकते.

ज्या घरात रेकॉर्डी असतात तिथं त्यांच्या सोबतीचा जुना प्लेअरही असतो. एचएमव्हीचा फिएस्टा, कॅलिप्सो किंवा तसाच एखादा पेटीवजा. अशा स्वस्त प्लेअरमध्ये सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असायचं. ते चुंबकी कार्ट्रिजपेक्षा कितीतरी जोरकस सिग्नल देतं; चुंबकी कार्ट्रिज तीन ते पाच मिलिव्होल्ट देत असेल तिथं हे शेकड्यांनी देतं. त्यामुळे ते थेट साउंड कार्डाला जोडता येतं असं वाटतं, आणि मीटरवर हिरव्या पट्ट्या नाचायलाही लागतात. पण या कार्ट्रिजला पुढचं यंत्र दहा लाख ओहमच्या आसपास रोधाचं लागतं. कार्डाच्या लाइन-इनचा रोध त्याच्या मानानं फारच कमी, काही दहा हजार ओहमचा. परिणाम असा की खालचे सूर गळतात. ठेक्यातला डग्गा जातो, नुसता तबला टणटणत राहतो. मीटरला यातलं काहीच कळत नाही, कारण मीटर आवाजाची उंची मोजतो. डग्गा गेला हे सांगणार कानच.

चुंबकी कार्ट्रिजची तऱ्हा निराळी. रेकॉर्ड कापतानाच खालचे सूर मुद्दाम दाबलेले आणि वरचे उचललेले असतात, नाहीतर खर्जाच्या हेलकाव्यानं एक रेघ शेजारच्या रेघेत घुसेल. १९५४ साली अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेनं या दाबण्या-उचलण्याचं जे प्रमाण ठरवलं ते पुढे जगभर चाललं. वाजवताना फोनो प्रीअँप ते उलटं करतो: २० हर्ट्झच्या आसपास सुमारे १९ डेसिबलनं वाढवतो, २० हजार हर्ट्झजवळ जवळपास तितकाच खाली आणतो. हा डबा मध्ये नसेल तर गाणं पातळ आणि किरटं येतं. त्याउलट जुन्या अँप्लिफायरचा फोनो आणि त्याच्यापुढे आणखी एक प्रीअँप अशी दुहेरी जोडणी झाली, तर सगळं घोंगडीखाली दबल्यासारखं घुमतं. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या बहुतेक १९५४च्या आधीच्या. त्यांना हे प्रमाण तंतोतंत लागू पडत नाही आणि प्रत्येक कंपनीचं आपापलं गणित होतं. तिथं तर ऐकत ऐकतच जावं लागतं.

आता खोली. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीपलीकडे गेलेला असताना, रेकॉर्डिंगसाठी पंखा बंद करायचा म्हणजे घरच्यांशी बोलणी करूनच. “अहो, अजून किती वेळ?” “सात मिनिटं. ही बाजू होऊ दे.” खरं तर तारेतून येणाऱ्या सिग्नलला पंख्याचा आवाज लागत नाही. पण पंख्याचा वारा हलक्या टोनआर्मवर येतो, टेबल थरथरतं, आणि तो थरथराट सुईमार्गे आत जातो. स्पीकर लावून ऐकलं तर त्याहून वाईट. स्पीकरचा खर्ज टेबलातून सुईपर्यंत पोचतो, सुई तो पुन्हा उचलते, पुन्हा स्पीकर, पुन्हा सुई, आणि गाण्याच्या बुडाशी एक हुंकार चढत जातो. म्हणून हेडफोन. बंद कपांचे, जाड गादीचे. उन्हाळ्यात कानाला घाम येतो, तरी तेच.

दुसरं दुखणं विजेचं. जुन्या शहरातल्या, गुलमंडी-औरंगपुरा भागातल्या कितीतरी घरांत बोर्डाला तिसरं भोक आहे पण त्याच्या मागे अर्थिंग नाही. टर्नटेबल एका बोर्डावर, लॅपटॉपचा चार्जर दुसऱ्यावर, आणि हेडफोनमध्ये ५० हर्ट्झची संथ घुंऽऽ, तिच्यावर १०० हर्ट्झची खरखरीत सावली. यावर पहिला उपाय फुकटचा आहे: चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा. पुष्कळदा घुंऽऽ त्याच क्षणी थांबते. टर्नटेबलची अर्थची बारीक वायर प्रीअँपच्या स्क्रूला पक्की केली की उरलीसुरली जाते. पण हे कळायला सुई टेकवण्याआधीची शांतता हेडफोनमध्ये ऐकावी लागते, आणि नेमकी तीच ऐकायला कोणाला धीर नसतो.

काय नोंदलं जातंय हे नोंदलं जात असतानाच ऐकायला मिळणं, ही ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात फार उशिरा आलेली सोय आहे. १९०२च्या नोव्हेंबरात मुद्रक फ्रेड गैसबर्गनं कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं तेव्हा तारही नव्हती आणि हेडफोनही नव्हता. गायिकेनं कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाची सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कापणार. ती मेणाची तबकडी वाजवून बघायची म्हटलं तर सुईनं रेघ खराब होणार, म्हणजे ती पुढे साचा करायच्या कामाची राहणार नाही. म्हणून जी ठेवायची ती ऐकायची नाही. मेणाच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथून रेकॉर्डी परत यायच्या. १९०८ला सियालदाह इथं आणि मग १९२८ला दमदमला कारखाना झाला तसा हा प्रवास आटला. विजेवर चालणारे मायक्रोफोन आले तेव्हा मुद्रकाला रेघ कापणाऱ्या कटरकडे जाणारा सिग्नल ऐकता येऊ लागला. कटरनं मेणावर प्रत्यक्षात काय कापलं, ते नाही. दाराशी आलेलं कळलं, आत घेतलेलं अजून कळत नव्हतं.

नागपूरकडून आलेले गायक-वकील ग. ना. जोशी एचएमव्हीत मुद्रण अधिकारी म्हणून काम करत होते तो हा काळ. मोठमोठ्या बुवांना नि बाईंना साडेतीन मिनिटांत राग मांडायला राजी करणं हे त्यांच्या कामाचं एक अंग. त्यांच्या ‘स्वरगंगेच्या तीरी’ या आठवणी त्यासाठीच वाचण्यासारख्या आहेत. त्या साडेतीन मिनिटांमागे किती अंधारात टाकलेलं पाऊल होतं, हे आज लॅपटॉपसमोर बसून पटकन ध्यानात येत नाही.

मग चुंबकी फीत आली आणि तिच्याबरोबर तीन हेडचं टेप मशीन. पहिलं हेड पुसतं, दुसरं नोंदतं, तिसरं नोंदलेलं लगेच वाचतं. मशीनवर एक बटण असे: एका बाजूला ‘सोर्स’, दुसऱ्या बाजूला ‘टेप’. फीत सेकंदाला १९ सेंटिमीटरनं धावते, दोन हेडांमध्ये काही सेंटिमीटरचं अंतर, म्हणजे ‘टेप’कडे वळवलं की गाणं सेकंदाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यानं मागं पडून ऐकू येई. रेडिओवरच्या अभियंत्याला त्या उशिराचा त्रास नव्हता. उलट बटण फिरवल्यावर गाणं किंचित मागं सरकलं की त्याला खात्री पटायची, फितीवर उतरतंय. आवाज मागं सरकला नाही तर काहीतरी चुकलंय. संगणकावर रेकॉर्ड उतरवणाऱ्यांनी ही सवय उचलली असती तर पुष्कळ श्रम वाचले असते.

विंडोज एक्सपीच्या काळात हे दोन कान दोन वेगळ्या खिडक्यांत होते. खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली की आवाजाच्या सरकत्या पट्ट्या उघडत. त्यातली ‘लाइन-इन’ची पट्टी ऐकण्यापुरती. भरलं काय जाणार, हे ठरवणारी खिडकी निराळी: ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘प्रॉपर्टीज’, तिथं ‘रेकॉर्डिंग’ निवडायचं, मग तसल्याच दिसणाऱ्या पट्ट्यांची दुसरी रांग, आणि तिथं ‘म्यूट’च्या जागी ‘सिलेक्ट’ची चौकट. पहिल्या खिडकीत लाइन-इन मोकळं आणि दुसऱ्या खिडकीत मायक्रोफोनपुढे खूण, अशी गाठ पडली की लेखाच्या सुरुवातीला सांगितलेला घोटाळा ठरलेला. डेस्कटॉपच्या मागच्या भोकांना निदान रंग तरी होते. निळं लाइन-इन, गुलाबी मायक्रोफोन, पोपटी हेडफोन. ही रंगांची रीत १९९९च्या सुमारास ठरली. लॅपटॉपनं ती निळी सोय काढून टाकली. आता एकच भोक असतं, हेडफोन आणि माइक दोन्हींसाठी, आणि त्यातला माइक एकसुरी, म्हणजे डावं-उजवं वेगळं नाही. शिवाय तो माइकच्या क्षीण आवाजासाठी बांधलेला. प्रीअँपमधून आलेला सिग्नल त्याला झेपत नाही, फाटतो.

म्हणून यूएसबीची छोटी डबी घ्यावी लागते. बेहरिंगरची यूसीए २०२ ही त्यातली पुष्कळांच्या हाती असलेली: लाल-पांढऱ्या पिनांसाठी दोन भोकं आत, दोन बाहेर, एक हेडफोनचं, आणि कडेला ‘मॉनिटर’ लिहिलेलं बोटाच्या नखाएवढं बटण. ते चालू केलं की आत येणारा आवाज थेट हेडफोनला जातो. बंद केलं की संगणक जे परत पाठवेल तेवढंच ऐकू येतं. टेप मशीनवरचं ‘सोर्स’ आणि ‘टेप’ हेच, फक्त नावं गेली. बहुतेक जण ते एकदा चालू करतात आणि तसंच ठेवतात, कारण त्यात उशीर होत नाही.

उशिराची एवढी धास्ती का? कारण साउंड कार्डाबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या सोयीचं. सॉफ्टवेअर नमुने एकेक करून घेत नाही, मूठ मूठ घेतं. १,०२४ नमुन्यांची मूठ धरली तर ४४,१००च्या हिशेबानं एक मूठ भरायला २३ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक मूठ, बाहेर जाताना एक, म्हणजे ४६. वर ड्रायव्हरचं आणखी थोडं. आवाज हवेतून ४६ मिलिसेकंदांत साधारण १६ मीटर जातो. उस्मानपुऱ्यातल्या संत एकनाथ रंगमंदिरात रंगमंचापासून १६ मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला गाणं एवढ्याच उशिरानं ऐकू येतं आणि त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते गाणाऱ्याचं. स्वतःचाच आवाज १६ मीटरवरून परत येत असेल तर लय सुटते. त्याच्यासाठी स्टाइनबर्ग कंपनीनं १९९७ साली आसिओ ही व्यवस्था आणली, मुठी लहान केल्या, थेट ऐकण्याची बटणं आली. तबकडी स्वतःला ऐकत नाही. तिचं गाणं गाऊन झालेलं आहे. तिच्यासमोर बसलेल्यानं गायकाची ही धावपळ अंगावर घ्यायचं कारण नाही.

आणि उशीर ऐकायचा असेल तर साधन हाताशीच आहे. हेडफोनचा एक कप कानावरून थोडा सरकवून तोंड सुईजवळ न्यायचं. सुई रेघेतून जाताना तिच्या टोकाशी गाणं आपसूक ऐकू येत असतं, डासाच्या गुणगुणण्याएवढं पण शब्द कळतील इतकं स्पष्ट. ते आधी, आणि बंद कपाच्या कानात तेच अक्षर क्षणभर मागून. या दोन आवाजांमधली फट जाणवली म्हणजे मधला सगळा प्रवास झाला: सुई, प्रीअँप, कार्ड, अंक, प्रोग्राम आणि परत. दोन्ही एकदम आले तर ‘मॉनिटर’चं बटण चालू आहे, आणि ऐकू येणाऱ्या गाण्यावरून फाइलबद्दल काही म्हणता येत नाही.

ऑडॅसिटीत ही लांबची वाट ‘सॉफ्टवेअर प्लेथ्रू’ या नावानं मिळते. हा मोफत प्रोग्राम २००० साली कार्नेगी मेलन विद्यापीठातून बाहेर आला आणि रेकॉर्ड उतरवणाऱ्या बहुतेकांकडे तोच असतो. विंडोज ७पासून ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ अशीही एक चौकट आहे. मात्र दोन सापळे सांभाळावे लागतात. पहिला, रेकॉर्डिंगसाठी ‘स्टिरिओ मिक्स’ निवडलेलं असताना प्लेथ्रू चालू करणं. संगणक स्वतः वाजवलेलं स्वतःच पुन्हा भरून घेतो आणि गाण्यावर गाण्याची आवर्तनं चढतात. दुसरा सापळा जास्त फसवा. दुबळ्या लॅपटॉपवर एकाच वेळी भरणं आणि परत ऐकवणं चालू असलं की मधूनच एखादी मूठ वेळेवर पोचत नाही आणि कानात ‘चट’ असा आवाज येतो. तो रेकॉर्डच्या ओरखड्याचा वाटतो. कधी तो फक्त ऐकवण्यात असतो, फाइल स्वच्छ, कधी फाइलीतच. नुसत्या कानानं हे ठरत नाही, तेवढा तुकडा नंतर वाजवावा लागतो. म्हणून शहाणे लोक मधला मार्ग धरतात. पहिलं मिनिटभर लांबच्या वाटेनं ऐकून, वाजवून, खात्री करायची, मग प्लेथ्रू बंद करून बाकीची बाजू थेट ऐकायची आणि डोळे मीटरवर ठेवायचे. मीटर प्रोग्रामच्या आतला असल्यानं तो तरी घरातलं सांगतो.

मीटरबद्दल एक गोष्ट जोर देऊन सांगायला हवी, कारण कॅसेटवर भरलेल्यांचा हात इथं हमखास चढतो. कॅसेटची फीत मुळात खरखरीत, म्हणून काटा लाल रेघेपर्यंत नेला तरच गाणं वर राहायचं. अंकांच्या जगात शून्य डेसिबलवर छत आहे; त्याला टेकलेला सूर सपाट कापला जातो आणि परत मिळत नाही. सर्वांत उंच तान छताच्या सहा ते बारा डेसिबल खाली राहील असं ठेवलं तरी काही हरवत नाही. सोळा बिटांत ९६ डेसिबलची ऐसपैस जागा आहे आणि चांगल्यात चांगली एलपी त्यातली साठ-पासष्ट वापरते. लाखेच्या ७८ला तर चाळीसही पुष्कळ. पण तबकडी झिजलेली असली की उंच तान अशीही फाटकीच येते. हा फाटकेपणा रेकॉर्डचा की आपण केलेला? आवक निम्मी करून तीच जागा पुन्हा ऐकायची. तरीही फाटत असेल तर पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणीतरी एकच लोखंडी पिन दहा-दहा बाजूंना वापरली, तिचं ते काम. पिन एका बाजूला एक वापरायची असते, हे तेव्हाही पिनांच्या डबीवर छापलेलं असे.

कानाला कळणारी आणखी एक गोष्ट म्हणजे वेग. अमेरिकेहून कोणी हौसेनं आणलेलं जुनं टर्नटेबल तिथल्या ६० हर्ट्झच्या विजेसाठी बांधलेलं असलं तर इथल्या ५० हर्ट्झवर त्याची ३३ फेऱ्यांची थाळी मिनिटाला २८च्याही आत फिरते. काळी एकमधलं गाणं खालच्या काळी पाचवर जाऊन बसतं, बाईचा आवाज बुवांसारखा होतो. हे कोणालाही कळेल. ७८च्या तबकड्यांचं अवघड आहे. सुरुवातीच्या मुद्रणांत वेग ७८ला बांधलेला नव्हता. ७६ आणि ७८मध्ये फरक पडतो तो एका पट्टीच्या जवळजवळ निम्म्याचा. इथं साथीची पेटी मदतीला येते. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या असतात. गायक दोन पट्ट्यांच्या बरोब्बर मधल्या फटीत गातोय असं ऐकू आलं की वेगावर संशय घ्यावा. ज्याला पेटी येते तो हेडफोन लावून शेजारी पेटी ठेवतो आणि षड्ज जुळवून बघतो. पूर्वी ७७ रेघांची चकती थाळीवर ठेवून ५० हर्ट्झच्या दिव्याखाली रेघा स्थिर दिसतात का ते बघत. घरातले दिवे आता एलईडीचे झाले, पुष्कळ एलईडीखाली त्या रेघा नीट उभ्या राहत नाहीत. एखादी जुनी चोकवाली ट्यूबलाइट यासाठी जपून ठेवलेली बरी.

शेवटपर्यंत ऐकण्याला आणखी एक कारण आहे. गौहर जाननं गाणं संपताच इंग्रजीत आपलं नाव सांगितलेलं आहे, आणि तिच्या काळच्या इतर अनेकांनीही तसंच केलं. मेणाच्या तबकड्या हॅनोव्हरला गेल्यावर त्या कोणाच्या हे तिथल्या लोकांना कळावं म्हणून ही पद्धत पडली असं सांगतात. लेबल फाटलेल्या तबकडीवर ओळख पटवायला तेवढी एकच खूण उरते. गाणं संपलं म्हणून हात चटकन बटणाकडे गेला तर नाव कापलं जातं.

महाराष्ट्रात हे काम शिस्तीनं झालेलंही आहे. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे सुरेश चांदवणकर हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भौतिकशास्त्रात काम केलेले गृहस्थ. त्यांच्या पुढाकारानं आणि ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यात आलेल्या संग्रहांसाठीच्या योजनेच्या मदतीनं ओडियन आणि यंग इंडिया या दोन लेबलांच्या तबकड्या संगणकात उतरवल्या गेल्या. यंग इंडिया ही १९३५ ते १९५५ या काळातली मुंबईची देशी कंपनी. मोठ्या कंपन्यांच्या दारात उभं राहायची ज्यांची ऐपत नव्हती अशा हौशी गायकांना तिनं जागा दिली, त्यामुळे तिच्या तबकड्यांवरची कितीतरी नावं दुसरीकडे कुठंच सापडत नाहीत. हा संग्रह संग्राहकांच्या कपाटांतून गोळा झाला, हे मराठवाड्यानं लक्षात घ्यावं. इथल्या कव्वालांच्या, शाहिरांच्या, कीर्तनकारांच्या तबकड्यांचा शोध असाच घराघरांतून सुरू व्हायला हवा.

त्यासाठी शहरातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या संगीत विभागात किंवा वाचनालयात एक टेबल मांडता येईल. त्यावर ७८ आणि ३३ अशा दोन वेगांचं टर्नटेबल आणि दोन सुया हव्यात: लाखेच्या रुंद रेघेसाठी सुमारे ७५ मायक्रॉनची, एलपीसाठी त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढी बारीक. एक प्रीअँप आणि २४ बिटांचं साउंड कार्ड. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटांची आहे, ९६ घेतलं तर उत्तम. ९६ला एलपीची वीस मिनिटांची बाजू सातशे एमबीच्या आत बसते, आणि तेवढी जागा आता कोणाच्याही पेनड्राइव्हवर असते. हेडफोन मात्र दोन हवेत, एकाच भोकातून फुटलेले. एक संगणक कळणाऱ्या मुलीच्या कानाला: सिग्नल कुठून येतोय, मूठ कुठं चुकली, पट्टी कुठं लाल झाली हे तिनं बघायचं. दुसरा ज्याला गाणं माहीत आहे त्याच्या कानाला, म्हणजे डग्गा गेला, पट्टी चढली, अंतऱ्याची दुसरी ओळ सुई उडून गाळली गेली, हे तो जागेवर हात वर करून सांगेल आणि बाजू पहिल्यापासून पुन्हा लावता येईल. बाजू संपली की मधल्या मोकळ्या रेघेवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक भिंगातून वाचून फाइलच्या नावात घालायचा, लेबलचा फोटो काढायचा, आणि रेकॉर्ड ज्याच्या घरून आली त्याच्या हाती परत द्यायची.